वाकडं सिम

वार्लाम आला तेव्हा ओनीत वीज नव्हती.
नवा फोन अजून खोक्यातच,
बारीहून आलेला, इटलीहून,
बायकोने पाठवलेला
कॉफीच्या पुड्याखाली, लोकरी मोज्यात गुंडाळून.

जुना माझ्या ओळखीचा होता.
बटणांवरचे आकडे पुसलेले,
पाठीवरचं झाकण रबराने बांधलेलं,
पण वरच्या गावात, त्याच्या चुलीमागच्या कोनाड्यात
दोन दांड्या धरून बसायचा, हट्टी बोकडासारखा.

नव्याला सिम लागतं नखाएवढं.
तसली सिम कुताइसीहून यायची होती
आणि घाटात दरड.
वार्लामची परतीची मिनीबस तीनला.
"काप," म्हणाला. "तुझा हात चालतो."

दाराच्या उजेडात कापलं,
माझ्या नखं कापायच्या कात्रीने.
सोनेरी चकतीच्या कडेला पातं घासलं,
केसभर.
फोनने नाव-गाव दाखवलं, वार्लाम हसला,
मी पैसे घेतले. तीन लारी.

पुढच्या मंगळवारी म्हणाला,
"बोलता बोलता जाते गं."
फोनबद्दल म्हणाला की नानुलीबद्दल,
विचारलं नाही.
मी म्हणाले, टॉवर.
त्याच्या पुढच्या मंगळवारी, डोंगर.
मग बर्फ.
मग तिकडचीच काहीतरी गडबड, इटलीची.
मग, हे नवे फोन असेच असतात काका,
दिसायला देखणे, कानाने हलके.
दर वेळी मान डोलवायचा
आणि काउंटरवर सोललेले आक्रोड ठेवून जायचा.
ते घशाखाली उतरेनात.

वरच्या गावची माणसं सांगत:
वार्लाम शिडीवर उभा असतो,
खुराड्याच्या कौलावर कोपर टेकून,
"ऐकू येतंय का" विचारत
समोरच्या हिमनदीला.
एकदा म्हणे दफनभूमीपर्यंत चढला,
तिथे चार मिनिटं मिळाली.
आईच्या थडग्यावर बसून सुनेशी बोलला,
दोघींना एकदम बरं वाटलं असेल,
असं त्याचं मत.

एप्रिलात रस्ता उघडला, सिम आली.
एक बाजूला काढलं, त्याच्याच नंबराचं.
मंगळवारी काउंटरवर ठेवलं
आणि सांगून टाकलं: काका, टॉवर नव्हे,
डोंगर नव्हे. माझी कात्री.

त्याने टोपी काढली, टाळू खाजवली.
"ते दिसलं होतं मला त्याच दिवशी.
मी सुतार आहे, पोरी.
वाकडा काप मला झोपेतही दिसतो."

मग बराच वेळ काचेतल्या चार्जरांकडे बघत राहिला.

"सात वर्षं ती रविवारी फोन करते.
हवा कशी, कोंबड्या कशा,
तिच्या म्हातारीला रात्री झोप लागत नाही,
बरं, ठेवते.
ठेवला की आठवडा.
आता मध्येच तुटतो
आणि ती परत लावते.
परत तुटतो, परत लावते.
मागच्या रविवारी नऊ वेळा.
नवव्यांदा म्हणाली,
'हं, तर मी काय सांगत होते...'
आणि सांगायला काही नव्हतंच,
मला ठाऊक होतं, तिलाही."

मी म्हणाले, मग हे परत ठेवू?

"असू दे."
सिम त्याने पाकिटातल्या
एका घडी घातलेल्या पावतीत ठेवलं,
जपून, खिळा तोंडात धरतात तसं ओठ मिटून.
"ती परत आली की घालीन.
तेव्हा मला दुसऱ्या कुणाचे फोन यायचेत?
पण घालीन."

बाहेर मिनीबसने भोंगा दिला, तो धावला.
आक्रोड यावेळी विसरला,
की मुद्दाम आणले नव्हते, कोण जाणे.

त्या दिवशी कापून उरलेली प्लास्टिकची चौकट
अजून माझ्या खणात आहे, पिनांच्या डबीत.
मध्ये भोक. एका बाजूने वाकडं.